मामांचा खुलासा

गाडी सुरू करायच्या आधी मामा मान वळवून विचारायचे, "बसले का समदे?" कुणीतरी "बसले" म्हणेपर्यंत गाडी जागची हलायची नाही. आम्ही कधीकधी मुद्दाम गप्प बसायचो. मग ते बिडी पेटवून शांतपणे ओढत राहायचे. भोंग्याची वेळ झाली की आमचीच पाचावर धारण बसायची आणि अख्खी गाडी ओरडायची, "बसले हो मामा!"

बदलापुरातून अंबरनाथच्या आमच्या कारखान्यात माणसं नेणारी ती गाडी. मी तिथं टाइम ऑफिसात कारकून. मामा बारवीकडच्या एका पाड्यावरचे. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. रस्त्यात म्हैस बसली तर हॉर्न न वाजवता, खाली उतरून तिला उठवणारी.

त्यांच्या वडिलांना जाऊन वर्ष झालं. त्यांच्या पाड्यावर वर्षाच्या दिवशी गेलेल्याच्या नावानं द्रोणात मोहाची दारू ठेवतात. चार थेंब जमिनीवर सोडायचे, उरलेली थोरल्या मुलानं प्यायची. मामा एरवी दारूला शिवत नसत. त्या दिवशी सकाळी त्यांनी द्रोण रिकामा केला आणि नेहमीसारखे गाडीवर आले.

दारूबंदीचे दिवस. नाक्यावर पोलिसांनी गाडी अडवली. हवालदाराला वास आला. मामांना चौकीवर नेलं आणि आम्ही पायी कारखाना गाठला.

दुसऱ्या दिवशी मामांच्या हातात कागद पडला: तीन दिवसांत लेखी खुलासा द्या, नाहीतर नोकरी गेली. साहेब माणूस वाईट नव्हता. मला बाजूला घेऊन म्हणाला, "औषध घेतलं होतं असं लिहून आण, पुढचं मी बघतो."

आसवालाही दारूसारखाच वास येतो, म्हणून तेव्हा निम्मे पकडलेले लोक हेच सांगत. उल्हासनगरात कॅम्प चारमध्ये माझ्या ओळखीचे एक सिंधी वैद्य होते. ते लगेच तयार झाले. "खाँसी थी, आसव पिया. चिठ्ठी मैं देता हूँ."

चिठ्ठी घेऊन मी मामांकडे धावत गेलो. त्यांना वाचता येत नसे, म्हणून वाचून दाखवली. त्यांनी ती घडी करून माझ्या खिशात परत ठेवली.

"भाऊ, बापाच्या नावानं घेतली. तिला खोकल्याचं औषध कसं म्हणू?"

"मामा, नोकरी जाईल."

"जाईल. आन् गाडीत तुम्ही चाळीस जण व्हते, ते बी लिवा. त्ये माज्याकडून चुकलं."

माझं डोकं फिरलं. "हरिश्चंद्र लागून गेलात काय?" मी म्हणालो. बायको-पोरं दिसत नाहीत का, असंही बोललो. ते एवढंच म्हणाले, "लिवा."

मी लिहिलं. त्यांनी अंगठा उठवला. आसव लिहून अंगठा घेतला असता तर त्यांना कळलंही नसतं. ते माझ्याच्यानं झालं नाही. याचं कधी वाईट वाटतं, कधी बरं वाटतं.

कल्याणच्या कोर्टात दंड झाला, लायसन गेलं. साहेब म्हणाला, "लायसन नाही तर ड्रायव्हर कसला?" फार रदबदली केल्यावर त्यांना आवारात गाड्या धुवायला ठेवलं. रोज त्यांच्या भरवशावर डुलक्या काढत आलेली माणसं जाता-येता "दारुडा" म्हणत. मामा ऐकत आणि चाक घासत राहत. मला लाज वाटे, पण मीही कुणाला टोकलं नाही.

चार-पाच वर्षांनी ते गेले. त्यांच्या वर्षाला थोरल्या मुलानं बोलावलं म्हणून मी पाड्यावर गेलो. तो आता खडीच्या ट्रकवर ड्रायव्हर होता. दाराशी द्रोण मांडला होता. मी वाकून पाहिलं, तर आत चहा.

"बाबा सांगून गेले," तो म्हणाला. "माज्या नावानं चा ठेव, तुला गाडीवर जायचं असतं."

त्यानं चार थेंब जमिनीवर सोडले, उरलेला चहा पिऊन टाकला आणि तो ट्रकवर गेला.