करकरणारी स्प्रिंग

शेवटचं काम आम्ही दोघांनी केलं ते देवासला, मुलीच्या पिलाटेस व्यायामाच्या स्टुडिओत. तिथे रुळांवर सरकणारे पलंग आहेत, खाली स्प्रिंगा. दर आठवड्याला त्या तपासायचं काम माझं. पण माझ्या कामावर बायकोचा भरवसा नव्हता. आधी ती स्वतः झोपून बघायची, मगच पलंग बाकीच्या बायकांना.

त्या दुपारी पाय रेटता रेटता ती थांबली. "अहो, ही करकरते. बदला."

"उद्या बदलतो."

"कुणाची कंबर मोडली की म्हणाल, गलती हो गई भिया."

मी हसलो आणि स्प्रिंग तशीच ठेवली. संध्याकाळी चहा पिता पिता ती गेली.

पहाटेच तिला न्यायची तयारी चालली होती. मुलगी भानावर नव्हती. सकाळी सहाच्या बॅचला आज स्टुडिओ बंद आहे म्हणून कळवायचं कुणालाच सुचलं नव्हतं. मी किल्ली घेऊन निघालो. मागून कोणी म्हणालं, म्हातारा सटकला.

जुनी स्प्रिंग काढली, नवी लावली. मग चपला काढून मीच पलंगावर पडलो, दहा वेळा पाय रेटले. आवाज आला नाही. आलेल्या बायकांना आज बंद म्हणून सांगितलं, कुलूप लावलं, घरी आलो आणि तिला खांदा दिला.