समुद्राकडची पिवळी भिंत

दुपारी दुकानात एक मिक्सर उघडून बसलो होतो, तेवढ्यात नंदूचा, माझ्या धाकट्या भावाचा फोन आला. "दादा, आत्या गेली," एवढंच म्हणाला. आणि मी, दातांत स्क्रू धरून, विचारलं, "आता कुठल्या बोटीनं?"

पलीकडं नंदू रडायला लागला. मग मला कळलं... त्या प्रश्नाचं मला अजून हसू येतं. पण करणार काय? तिच्या सफरी थांबल्या होत्या, तरी कानाची जुनी सवय जात नाही. आमच्या घरात गेली कितीतरी वर्षं 'आत्या गेली' याचा अर्थ एवढाच, की शकूआत्यानं निळी बॅग भरली, मुंबई गाठली आणि कुठल्याशा भल्याथोरल्या क्रूझवर चढली. चार दिवसांनी यायची, आल्या आल्या चहा मागायची आणि चहा संपायच्या आत आम्हाला शंभर गोष्टी सांगून, आमच्याकडून दोनशे प्रश्नांची उत्तरं मागायची. या खेपेला ती घरातच, दुपारच्या झोपेत गेली. बॅग माळ्यावरच होती.

आमचं घर रत्नागिरीत, मिरकरवाड्याच्या वरच्या अंगाला, उतारावर. खाली बंदर, बर्फाचे कारखाने, जाळी, मासळीचा लिलाव. आजोबांची मासेमारीची बोट होती, नंतर बाबांची, आता नंदूचा ट्रॉलर आहे. मी मात्र इलेक्ट्रिकचं दुकान काढलं, कारण मला समुद्र सोसत नाही. होय, मच्छीमाराच्या घरात जन्मून धक्क्याला बांधलेल्या बोटीतसुद्धा माझ्या पोटात ढवळतं, आणि यावरून आत्यानं माझी जन्मभर टर उडवली. आत्या म्हणजे बाबांची बहीण. लग्न केलं नाही. धक्क्यावर मासळी घ्यायची आणि घाटावर पाठवायची, हा तिचा धंदा. लिलावात तिचा आवाज असा लागायचा, की पलीकडच्या धक्क्यावरचे बगळे उडायचे. पण सारी हयात बोटींच्या जिवावर जगलेली ही बाई आमच्या बोटीवर कधी चढली नव्हती. लहानपणी तिनं हट्ट धरला तेव्हा आजोबांनी सांगितलं होतं, "बायमाणसानं बोटीवर पाय ठेवायचा नाय." बस्स. नारळी पौर्णिमेला बोटीच्या पुढच्या टोकाला, म्हणजे नाळीला, हळदकुंकू लावायची ती आत्याच. पण धक्क्यावरून, वाकून, हात लांब करून.

तिनं धंदा आवरता घेतला त्या वर्षी बायकांचा एक ग्रुप मुंबईहून गोव्याला क्रूझनं निघाला होता. ही म्हणाली, "मी पण येतंय." आम्हाला वाटलं, गंमत करते. तर बाई खरंच गेली! आणि तिथं पहिल्याच पायरीवर गोंधळ. बोट म्हणजे लक्ष्मी, तिच्यावर कुणी चपला घालून चढतं काय? हिनं शिडीच्या तोंडाशी चपला काढल्या, हातात घेतल्या, उंबऱ्याला हात लावून कपाळाला लावला आणि अनवाणी आत शिरली. मागे सूटबुटातली मंडळी खोळंबलेली. दारावरच्या सुरक्षावाल्याला वाटलं, म्हातारीची चप्पल तुटली. त्यानं बिचाऱ्यानं कापडी सपाता आणून दिल्या. आत्या म्हणाली, "ठेव तुला, थंडीत घाल." पुढं जितक्या वेळा गेली तितक्या वेळा ती अशीच चढली.

त्याच सफरीतला दुसरा किस्सा तर आमच्या घरात म्हणीसारखा झाला. खोलीत तिच्या जोडीला पुण्याच्या एक बाई होत्या. बोट मुंबईतून हलून थोडा वेळ झाला असेल नसेल, त्या पलंगावर आडव्या होऊन कण्हायला लागल्या, "अहो, मला बोट लागली हो!" आता पुण्यात बोट लागणं म्हणजे मळमळणं, आणि आमच्याकडं बोट लागली म्हणजे धक्क्याला लागली, उतरा. आत्या ताडकन उठली, निऱ्या नीट केल्या, बॅग उचलली आणि दाराकडं. बाईंनी विचारलं, "निघालात कुठं?" ही म्हणते, "तुम्हीच म्हणालात ना, लागली म्हणून! गोवा इतक्यात आला, बोट भारीच पळते!" खुलासा झाल्यावर ती इतकी हसली, की त्या बाईंचीही मळमळ पळाली. आणि घरी आल्यावर मला म्हणाली, "मेल्या, तू पुण्यात जन्मायचा होतास. तुला धक्क्यावरच लागते."

त्यानंतर तिला चटकच लागली. गोवा, कोची, लक्षद्वीप... साठवलेलं सगळं तिनं समुद्रात घातलं, असं नातेवाईक म्हणायचे, आणि ती म्हणायची, "समुद्रातनंच काढलेलं ना?" पण इतर लोक क्रूझवर जातात तशी ती जात नव्हती. लोक जेवतात, नाचतात, फोटो काढतात. ही चौकशा करायची. एवढ्या माणसांना गोडं पाणी कुठून येतं? सांडपाणी कुठं जातं? इतक्या चादरी वाळतात कुठं? कपडे धुण्याच्या विभागातल्या एका दमणच्या माणसाशी तिनं अशी ओळख काढली, की त्यानं दोन वर्षांनी पुन्हा भेटल्यावर तिला ओळखलं आणि आपल्या नातीचा फोटो दाखवला. डेकवरचा पोहण्याचा तलाव बघून तर ती चक्रावलीच. "समुद्राकडं पाठ करून लोक तळ्यात बसतात! खारट पाण्यात बसून गोड्या पाण्यात डुंबतात!" हे ती आल्यागेल्याला सांगायची. जेवणातला मासा तिला कधी पटला नाही. बल्लवाला बोलावून विचारायची, हा कुठला? तो म्हणायचा, फ्रीजरमधला. "अरे, ते त्याचं आत्ताचं घर झालं, गाव कुठलं?" मोठ्या बोटीविषयी तिची एकच तक्रार होती. म्हणायची, "तिला समुद्र समजतच नाय रे. हॉटेल उचलून पाण्यात ठेवलंय. आपली बोट कशी, लाट आली की हुंकार देते." मी म्हणायचो, तू कुठं बसलीस आपल्या बोटीत? त्यावर ती बॅग आवरायला घ्यायची.

बंदरांचं तिचं मोजमाप नाकानं चालायचं. ज्या बंदराला वास नाही ते तिच्या लेखी बंदरच नव्हे, एस.टी. स्टँड. उतरल्यावर बाकीचे चर्च, किल्ले, मसाल्याची दुकानं बघायला जायचे आणि ही रिक्षावाल्याला हातवारे करून मासळीच्या धक्क्यावर. कोचीला असाच लिलाव चालला होता. भाषा एक अक्षर कळत नव्हती, पण बोटांची भाषा कळली, आणि हिच्या जुन्या सवयीनं हिचं बोट वर गेलं! बांगड्यांची अख्खी टोपली हिच्या नावावर पडली. तिकडं टूरची बस थांबलेली, इकडं पायाशी टोपली, आणि घेतली ती परत होत नाही, हे तर तिला आमच्यापेक्षा पक्कं ठाऊक. तिनं तिथंच बसकण मारली, शेजारच्या कोळणीकडून सुपडं मागून घेतलं आणि तिथल्या तिथं ती टोपली दुसरीला विकली. बसमध्ये चढली तेव्हा मासळीचा वास येत होता म्हणून दोन जणांनी नाकाला रुमाल लावले. ही केळ्याचे वेफर खात बसली.

आता मला वाटायचं, ही देश बघायला जाते. माझी समजूत चुकीची होती. एकदा मीच विचारलं, तेव्हा खरं कारण बाहेर पडलं. आमचं घर समुद्रातून कसं दिसतं, ते तिला बघायचं होतं. आजोबा, बाबा, नंदू, सगळे संध्याकाळी येताना बघत आले. तिनं मात्र जन्मभर घरातून समुद्र बघितला, समुद्रातून घर कधी नाही. "तुम्ही येताना आम्ही कशा दिसत असू रे धक्क्यावर?" ती म्हणाली. मला तरी कुठं माहीत होतं? मीही कधी बाहेरून आलो नव्हतो.

अडचण अशी, की या बोटी रत्नागिरीवरून अंधारात जायच्या. तिला दीपगृहाचा दिवा तेवढा दिसायचा. मी म्हटलं, त्यात काय, गच्चीवर मोठा हॅलोजन लावतो, दुकान आपलंच आहे. बापरे, काय भडकली! "समुद्राकडं खोटा दिवा लावतोस? बोटी खडकावर घालायच्यात काय?" दोन दिवस बोलली नाही माझ्याशी. मग कधीतरी उजेडी जाणारी एक सफर निघाली, आणि तिनं रंगारी बोलावून घराची समुद्राकडची भिंत पिवळी करून घेतली. पिवळी म्हणजे साधी नव्हे, हळदीसारखी भडक. रस्त्याच्या बाजूनं घर पांढरं आणि मागून हे असं. शेजारी म्हणाले, म्हातारीनं भिंतीचं लग्न लावलंय. तिच्या बोटीच्या वेळेला आम्ही सगळे भिंतीपुढच्या गच्चीवर उभे राहिलो, माझ्या बायकोनं लाल साडी हलवली. लांब, अगदी आभाळाच्या कडेला एक पांढरा ठिपका सरकत गेला. आम्ही ओरडलोसुद्धा, वेड्यासारखे.

ती आली तेव्हा चहा घेतला नाही. "दिसलं काय?" मी विचारलं. "रेघ," ती म्हणाली. "किनारा म्हणजे एक रेघ. त्यात आपण कुठं..." आणि तिचे डोळे भरून आले. लिलावात बाप्यांना गप्प करणारी माझी आत्या, तिला मी रडताना तेव्हा पहिल्यांदा बघितलं. नंदू तिथंच होता. म्हणाला, "आत्या, उद्या चल. आपल्या बोटीतनं नेतो, पाऊण तासात दाखवून आणतो. कोण काय बोलतो बघू." तिनं पदरानं डोळे पुसले. मग म्हणाली, "नाय रे बाबा. माझ्या बाबांच्या घरची बोट ती." मी चिडलो. बारा मजली बोटीवर नाचायला चालतं आणि स्वतःच्या भाच्याच्या बोटीवर चालत नाही, हा कुठला न्याय? ती म्हणाली, "त्या बोटीला कुणी नाय म्हटलं नव्हतं मला."

मग गुडघे गेले, पाठोपाठ छातीचं दुखणं आलं, आणि सफरी थांबल्या. ती गच्चीवर त्या पिवळ्या भिंतीला पाठ लावून प्लास्टिकच्या खुर्चीत बसायची. भिंत मात्र दर पावसाळ्यानंतर नव्यानं रंगवून घ्यायचीच. संध्याकाळी नंदू बंदरातून वर आला, की तिचा रोजचा प्रश्न, "दिसली काय रे?" नंदू म्हणायचा, "दिसली." मला वाटायचं, मासळीची चौकशी चाललीय. बोट रिकामी आली त्या दिवशीही नंदू "दिसली" म्हणायचा आणि ती समाधानानं मान हलवायची. मी मनात म्हणायचो, म्हातारीचं मन राखतो, शहाणा आहे.

दहाव्याच्या आधी अस्थींचा प्रश्न निघाला. नंदू म्हणाला, "आपल्या बोटीतनं नेऊया." मी म्हटलं, तिला चाललं असतं? आजोबांचा शब्द होता. नंदू म्हणाला, "एव्हाना दोघं भेटली असतील वरती. मिटवतील आपसांत." कलश माझ्याकडं होता. धक्क्याच्या कडेला मी चपला काढल्या, बोटीच्या लाकडाला हात लावून कपाळाला लावला आणि आत्याला घेऊन चढलो. आजोबांनी नाही म्हटल्यावर इतक्या वर्षांनी आज पहिल्यांदाच ती घरच्या बोटीवर होती, आणि ती काही बघू शकत नव्हती, याचा मला असा राग आला, की रडूच फुटलं. पुढं बंदराच्या बाहेर माझं नेहमीचं सुरू झालं. लिंबू चोखलं, डोळे मिटले, काही उपयोग नाही. तसाच, ओकाऱ्या काढत काढत, मी तिला समुद्राच्या स्वाधीन केलं. तिनं बघितलं असतं तर कमरेवर हात ठेवून हसली असती.

बोट वळली. मी कठड्याला धरून खाली मान घालून बसलो होतो. नंदू सुकाणूवरून म्हणाला, "दादा, वर बघ." ऊन उतरतीला लागलं होतं आणि सरळ किनाऱ्यावर पडलं होतं. तांबडे कडे, बंदराची भिंत, पांढुरक्या घरांची गर्दी... आणि त्यात आमची भिंत! हळदीचा डबा कलंडला असावा तशी. दुसरं घर कुठलं कुणाचं, ते सांगता येत नव्हतं. तेवढ्यात मागून येणाऱ्या कुठल्याशा बोटीवरून वायरलेसवर कुणीतरी खरखरत्या आवाजात म्हणालं, "आत्या दिसली रे, वळतोय." मी नंदूकडं बघितलं. तो म्हणाला, "सगळे तसंच म्हणतात. ती भिंत डाव्या हाताला धरायची आणि आत शिरायचं. रंगवल्यापासनं हीच खूण हाय सगळ्यांची."

"तिला माहीत होतं?"

"मग रोज काय विचारायची ती?"

मी परत भिंतीकडं बघितलं. धक्क्यावर दोर टाकताना नंदू सवयीनं ओरडला, "लागली!" मी म्हटलं, "मला कधीचीच लागलीय." दोघंही हसलो.

माझ्या बायकोचं म्हणणं होतं, आता पुढून मागून सगळं घर एकच रंगाचं करूया, शोभून दिसेल. मी तिला बोटीवरची गोष्ट सांगितली. ती रंगाच्या दुकानात माझ्याबरोबर आली आणि दुकानदारानं काढलेले तीन पिवळे तिनंच फिके म्हणून परत केले. खुर्ची अजून गच्चीवर आहे. दुकान बंद करून आलो की मी तिथं बसतो. पाठीला भिंत उन्हानं उबदार लागते. काल नंदू जिना चढून वर आला, खांद्यावरचा टॉवेल कठड्यावर टाकला, आणि माझ्या नकळत माझ्या तोंडून गेलं,

"दिसली काय रे?"

"दिसली," तो म्हणाला.