अल्लीपूरचे आवळे

वर्धा स्टेशनच्या फलाटावर पाय ठेवला आणि मीनाने मिठी मारायच्या आधीच विचारलं, "आली का वं चव?"

"नाही."

उन्हाळ्यात आलेल्या तापाने माझी चव नेली होती. आमरस नुसता गार चिखल लागला, चहा म्हणजे ऊन पाणी. येईल, असं डॉक्टर म्हणाले. कधी, ते त्यांनाही सांगता येईना. मीठ चाखता येत नाही म्हणून मी स्वयंपाक सोडला, मग हळूहळू लोकांकडे जेवायला जाणंही सोडलं. मीना माझी वसतिगृहातली मैत्रीण, आता सिंदी मेघेला राहते, शाळेत शिकवते. तिने फोनवर हुकूमच सोडला होता, "कार्तिकातल्या आवळीभोजनाला येजो. काऊन, कसं, काही विचारू नको."

घरी तिने तर्रीपोहे पुढे ठेवले. नाक वाहिलं, डोळे वाहिले, चव शून्य.

मग तिच्या स्कूटरवरून आम्ही अल्लीपूरला निघालो. दोन्हीकडे कापूस फुटलेला, तुरीला पिवळा फुलोरा. मीना वाऱ्यात मोठमोठ्याने गात होती आणि तिला एकाही गाण्याचं दुसरं कडवं येत नव्हतं. तिच्या काकूच्या वावरात (शेतात) वळलो तर वांग्यांना नुकतंच पाणी सोडलेलं. काळ्या मातीत चाक रुतलं आणि आम्ही दोघी, पन्नाशीच्या बाया, सावकाश, अगदी सन्मानाने चिखलात आडव्या झालो.

"आल्या का म्हशी डुंबून!" बांधावरून आवाज आला. त्याच वत्सलाकाकू. त्यांनी आम्हाला हात दिला नाही. आधी पोटभर हसून घेतलं.

आवळ्याच्या झाडाखाली चादर अंथरलेली होती. बाजूला रोडगे (गोवऱ्यांच्या निखाऱ्यांवर भाजलेले कणकेचे गोळे) आणि वांग्याचं भरीत. मी घास घेतला आणि सवयीने म्हणाले, "वा, काकू! काय चव आहे!"

काकूंनी डोळे बारीक केले. "खोटं काऊन बोलून राह्यली वं? मी त्यात अजून मीठच टाकलं नाई."

मीना हसत हसत चादरीवर लोळली. मला मात्र रडू फुटलं. हुंदक्यांमधूनच मी काकूंना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, उठल्या आणि फांदी धरून गदागदा हलवली. आवळ्यांचा सडा पडला. एक मीनाच्या डोक्यात बसला.

"हा घे. चावजो. थुकायचं नाई."

पोपटी, उन्हात धरला तर आरपार उजेड दिसेल असा, अंगावर फिकट उभ्या रेघा. दात लावला. आधी काचेसारखा टणक, मग कट्‌कन फुटला, रस उडाला, बारीक धागे दातांत करकरले. इथवर रोजचंच, टणक-मऊ मला कळत होतंच. मग जीभ आकसली. गाल आतून टाळूला चिकटल्यासारखे झाले. आवळा हे नाव आवळण्यावरूनच पडलं असणार, असं मनात आलं, आणि तेवढ्यात कानांच्या मागे, जबड्याच्या अगदी कोपऱ्यात एक झिणझिणी उठली.

"आंबट!" मी किंचाळले. "मीने, आंबट! आंबट आहे गं!"

झाडावरचे पोपट उडाले. काकूंनी तांब्या पुढे केला. "आता पानी पे."

पाणी गोड लागलं. साधं विहिरीचं पाणी, आणि जिभेच्या मुळापर्यंत गोड! मी आवळा खाल्ला, पाणी प्यायले, परत आवळा, परत पाणी. चिखलाने माखलेल्या साडीत झाडाभोवती नाचले. मीनाही नाचली, तिला काही कारण नसताना.

"पुरे वं, पोट फुटन तुयं!" काकू ओरडत होत्या आणि तांब्या भरून देत होत्या.

मग भरितात मीठ मी घातलं. चाखलं, थांबले, चिमूटभर अजून घातलं. काकूंनी बोट चाटलं. "जमलं," एवढंच म्हणाल्या.

परतीच्या गाडीत पिशवीभर आवळे होते. समोरच्या गंभीर गृहस्थांना एक दिला. त्यांचा चेहरा चुरगळला. मग आपल्याच बाटलीतलं पाणी पिऊन ते चकित होऊन बाटलीकडे बघत राहिले. पुढच्या स्टेशनपर्यंत आख्खा डबा आवळे मागत होता, तोंडं वाकडी करत होता, खिदळत होता. चव अजून पुरती आलेली नाही. चहा अर्धाच कळतो, फोडणीचा वास कुठूनसा लांबून येतो. पण चव गेल्यावर मी माणसांच्या पंगतीतूनही उठून गेले होते, हे मला त्या गोंधळात उमगलं. बडनेऱ्याला सगळ्यांनी डबे उघडले, तेव्हा कुणी "घ्या" म्हणायच्या आत मी शेजारच्या आजींच्या डब्यातली मेथीची पोळी उचलली होती.