मारोती लांजेवार रस्ता पाहून येतो

आठवड्यातले सहा दिवस मारोती लांजेवारला कुणी काही विचारत नसे. तीस वर्षं सिंचन खात्याची जीप हाकून तो निवृत्त झाला. घरी बसवेना, म्हणून रायपुरातल्या बाबू लोकांना नव्या रायपूरच्या ऑफिसांत नेऊन सोडणारी व्हॅन त्यानं धरली. तिथला रस्ता इतका रुंद, इतका सरळ, की चालवणाऱ्याचं त्यात कौतुक ते काय! मागं बसलेले लोक मोबाइलमध्ये डोकं घालून बसायचे, उतरताना दार आपटायचे, झालं.

रविवारी मात्र त्याला भाव होता. ब्राह्मणपारा मोहल्ल्यातला शिशिर, दातांचा डॉक्टर, आणि त्याचे दोस्त आपापल्या फोर बाय फोर गाड्या काढून गंगरेल धरणाच्या मागच्या अंगाला आडवाटा धुंडाळायला निघत. पैसेवाल्या पोरांची हौस, दुसरं काय. पण खात्यात असताना मारोतीनं त्या पाण्याभोवतीची एकही पांदण सोडली नव्हती, म्हणून वाट दाखवायला त्यांना तोच लागे. पुढच्या गाडीत डावीकडे तो बसणार, आणि तो म्हणेल तिकडे चारही गाड्या वळणार. एवढ्यासाठी तो आठवडाभर ती व्हॅन ओढायचा.

त्याचा एक नेम होता. उन्हाळ्यात धरणाचं पाणी मागं सरकलं की बुडालेल्या गावांचे जुने रस्ते उघडे पडतात. वरून ते वाळून टणक दिसतात, पण खाली चिखल तसाच ओला असतो. म्हणून मारोती आधी उतरायचा, हातातली काठी रोवत अख्खा रस्ता पायी चालून यायचा, मग हात वर करायचा. तोवर कुणी गाडी घालायची नाही. या नेमामुळं त्याची गाडी आजवर एकदाही रुतली नव्हती.

मे महिन्यातल्या त्या रविवारी तो उठला तोच थकलेला. आदल्या दिवशी व्हॅनच्या दोन फेऱ्या जास्तीच्या झाल्या होत्या. गुडघे सुजलेले, आणि प्रेमला, त्याची बायको, जाऊ नका म्हणून दारात उभी. तिच्यावर खेकसून तो निघाला.

पुढची गाडी त्या दिवशी शिशिरची बायको अनुश्री चालवत होती, शिशिर दुसऱ्या गाडीत मागं होता. गोंदियाची पोट्टी, असल्या वाटेवर पहिल्यांदाच. घाई नाही, उगाच ब्रेक नाही. मारोतीला तिचा हात आवडला, आणि त्यानं तसं सांगितलंही. दहाच्या सुमाराला ते पाण्याशी पोचले. जुना रस्ता उतारानं खाली जाऊन बेशरमच्या झुडपांमागं वळत होता. मारोती काठी घेऊन उतरला.

ऊन मी म्हणत होतं. पावलागणिक गुडघ्यातून कळ निघायची. झुडपांआड गेल्यावर गाड्या दिसेनाशा झाल्या, आणि समोर एक दगड होता. दोन मिनिटं टेकू, म्हणून तो बसला. पुढचा रस्ता पांढराफटक वाळलेला दिसत होता. दरसाल इथून गाडी जाते, यंदाच काय होतंय? तो उठलाच नाही. सगळा रस्ता तपासायला जेवढा वेळ लागतो बरोबर तेवढा वेळ तो त्या दगडावर बसून राहिला. मग परत येऊन त्यानं हात वर केला.

वळणापुढं तीस-चाळीस पावलांवर गाडी बसली. अनुश्रीनं घाबरून ॲक्सिलरेटर दाबला, चिखल उडाला आणि चाकं पार आत गेली. शिशिर धावत आला आणि सगळ्यांदेखत बायकोवर घसरला. काकांनी एवढा रस्ता पाहून दिला, तरी तुला धड चालवता येईना, काय गरज होती स्टिअरिंग हातात घ्यायची! दोस्त हसले. अनुश्री मान खाली घालून उभी राहिली. माझंच चुकलं, म्हणाली.

मारोती फळ्या काढायला वळला. खरं बोललो तर आपला रविवार गेला, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. फळ्या टाकून, दोर बांधून गाडी निघेस्तोवर तीन वाजले, आणि तेवढ्या वेळात शिशिरनं तिला आणखी चारदा टोमणे मारले. दरवेळी मारोती दोर आणखी घट्ट धरायचा. लाज वाटत होती हो त्याला, पण जीभ रेटेना.

गाडी निघाली. अनुश्रीनं किल्ली नवऱ्याच्या हातात ठेवली आणि आता पुन्हा चालवणार नाही म्हणून गुपचूप मागच्या सीटवर जाऊन बसली. तेव्हा मात्र मारोतीला राहवलं नाही.

"डॉक्टर, ताईले काही म्हणू नका. मी रस्ता पाह्यलाच नाही. त्या झुडपामागं बसून राह्यलो होतो."

अनुश्रीनं मागच्या सीटवरून विचारलं, "काहून, काका?"

"थकलो होतो."

हा शब्द खात्यातल्या साहेबांपुढं त्यानं कधी काढला नव्हता, घरीही नाही.

शिशिर माणूस वाईट नव्हता. त्याचा चेहरा उतरला. त्यानं किल्ली परत अनुश्रीला दिली, हळू आवाजात तिची माफी मागितली. मग मारोतीच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "काका, अगले संडे से आप आराम करो. रास्ता हम मोबाइल पे देख लेंगे."

"हव," मारोती म्हणाला.

परतताना शिशिरची गाडी पुढं होती, तिच्यामागं अनुश्रीच्या गाडीत मारोती. एका फाट्यावर ती चुकीची वळली. तिकडून रायपूरच्या वाटेवरचं धमतरी गाठायला तासभर जास्त लागणार, हे मारोतीला दिसत होतं. तो बोलला नाही. त्याला वाटलं होतं, आता फार वाईट वाटेल. उद्या वाटेलही. पण मनात एकच गोष्ट घोळत होती: येत्या रविवारी उठायचं नाही. त्या विचारानं त्याला इतकं बरं वाटलं की त्याचे डोळे भरून आले, आणि अनुश्रीला दिसू नये म्हणून त्यानं तोंड खिडकीकडे फिरवलं.