सात नंबरच्या पॉलिहाऊसची हजेरी

लेओनील्दे फर्फानला लहानपणापासून दार ओढून घेतलं की ते पुन्हा ढकलून बघायची सवय. गॅस बंद केला की दोनदा बघायचा, कडी लावली की तीनदा. तिची आई, दोन्या एदेल्मिरा, म्हणायची, "पोरी, देवावर विश्वास आहे ना तुझा? मग थोडा कडीवरही ठेव." अशा बाईला फुलांच्या मळ्याच्या कचेरीत संगणकाचं काम मिळालं, याचं कुणाला नवल वाटलं नाही.

काम असं, की माणूस जे हातानं करायचा, कुठला पंप कधी सुरू, कुठला पडदा कधी खाली, ते स्क्रीनवर चौकोन काढून मांडायचं आणि चौकोन बाणांनी जोडायचे. मग तपासणीचं बटण दाबायचं. एखादा बाण लोंबकळत राहिला असेल तर लाल खूण येते. सगळं हिरवं झालं की त्या सगळ्याची एक मोट बांधायची आणि शेवटी तिला दिवस आणि वेळ नेमून द्यायची. पुढे ती मोट आपली आपण चालते, कुणाला विचारत नाही.

जूनमध्ये मुकादम विल्चेसनं तिला सात नंबरच्या पॉलिहाऊसची धुरी अशीच बसवून द्यायला सांगितलं. गुलाबावर भुरी पडते, तिला गंधकाची धुरी देतात. सुट्टीच्या दिवशी बायका कामावर नसतात, म्हणून सुट्टीच्या सकाळी दहाला पडदे खाली, दारं आपोआप बंद, धूर सुरू. चार तासांनी दारं उघडायची. तोवर ती आतूनही उघडत नाहीत. लेओनील्देनं स्वयंपाकघरात टांगलेल्या चर्चच्या दिनदर्शिकेवरून वर्षातल्या उरलेल्या सुट्ट्या उतरवून घेतल्या. तपासणी तीनदा केली. तिन्ही वेळा चूक शून्य.

एकोणतीस जूनला गुरुवार होता. संत पेद्रो आणि संत पाब्लोचा सण. आईला नऊच्या मिस्सेला न्यायचं म्हणून लेओनील्देनं सकाळची रजा घेतली होती. चर्चमध्ये मोजून पंधरा माणसं.

"एवढीच कशी गं माणसं?" ती आईच्या कानात म्हणाली.

"कामावर गेलीत सगळी. सुट्टी सोमवारी ना. सोमवारचा संत पेद्रो सरकारचा. माझा आजचा."

सण कुठल्याही वारी येवो, सुट्टी पुढच्या सोमवारी ढकलायची, ही या देशातली जुनी रीत शाळेतल्या पोरालाही ठाऊक. लेओनील्देलाही ठाऊक होती. पण दिनदर्शिकेवर लाल अक्षरांत संतांची नावं होती ती आजच्या तारखेला, आणि तिच्या हातून मशीनमध्ये उतरली होती तीच तारीख. घड्याळात नऊ पंचवीस. सात नंबरमध्ये या वेळी बारा बायका तोडणी करत असणार, आणि त्यातली एक तिची धाकटी बहीण निदिया. निदियाला दमा होता.

बाहेर पायरीवर येऊन तिनं आधी निदियाला फोन लावला. तो वाजत राहिला. मोबाईल आत न्यायला बंदी, तो कपाटात. विल्चेस शीतगृहात असावा, तिथे रेंज नाही. कचेरीत तिच्या मशीनला हात लावणारं दुसरं कुणी नव्हतं. शेवटी फाटकावरच्या म्हाताऱ्या राखणदारानं, आब्दोननं, फोन उचलला.

"सात नंबरमधल्या बायकांना बाहेर काढा. दहाच्या आत."

"बाई, सकाळी सकाळी म्हाताऱ्याची थट्टा?"

"थट्टा नाही हो. दहाला धुरी सुरू होईल."

"धुरी सोमवारी. विल्चेसनं फळ्यावर लिहिलंय."

"फळ्यावर सोमवार आहे, मशीनमध्ये आज आहे. मी घातलाय."

"फाटक सोडलं तर माझी नोकरी जाते. गुडघा तर आधीच गेलाय."

"सगळं माझ्या नावावर घाला. पण चालायला लागा."

"सात नंबर अगदी शेवटी आहे, बाई."

"म्हणूनच म्हणते."

फाटकावरचा फोन भिंतीला जोडलेला. तो ठेवल्यावर तिकडे काय चाललंय, हे कळायचा मार्गच उरला नाही. दुधाची गाडी मळ्याकडे निघाली होती, तिच्यात ती चढली. ड्रायव्हर दुधाच्या भावाबद्दल, पावसाबद्दल बोलत होता. ती संत पेद्रोला एकच सांगत होती, तुझ्याकडे स्वर्गाच्या दाराच्या किल्ल्या आहेत ना, मग आज तेवढं दार उघडं धरून ठेव. वाटेत गायी आडव्या आल्या. दहा वाजले तेव्हा गाडी ओढ्यापाशीच होती. आता पडदे उतरत असतील. तिनं डोळे मिटले, तर आतलं सगळं जास्तच स्पष्ट दिसायला लागलं.

पोचली तेव्हा दहा वाजून नऊ मिनिटं झाली होती. सात नंबर बंद, प्लास्टिकच्या आत सगळं पांढरं. बाहेर भिंतीला टेकून बायका गुळाचं गरम पाणी पीत बसलेल्या. तिनं मोजल्या. अकरा.

"निदिया कुठाय?"

एकीच्या तोंडात पाव होता. तेवढ्या वेळात लेओनील्देनं दाराला दोन्ही हात लावले होते.

"ती होय?" पाव गिळून ती बाई म्हणाली. "ती गेली विल्चेसकडे, आब्दोनची तक्रार करायला. म्हणे म्हाताऱ्यानं काठीनं हाकललं आम्हाला, गुरांसारखं."

लेओनील्दे तिथेच मातीत बसली.

विल्चेस आला, मागून निदिया, अजून तणतणत. लेओनील्देनं सगळं सांगितलं.

"पण तपासणीत चूक शून्य होती ना?" त्यानं विचारलं.

"होती. ती बाण बघते. आत माणूस आहे का, ते नाही बघत."

त्या आठवड्यात तिनं मोटेत एक चौकोन वाढवला. पॉलिहाऊसच्या अगदी टोकाला एक बटण बसवून घेतलं. कुणीतरी आधी चालत आत जाऊन ते दाबल्याशिवाय दहाला दारं बंद होत नाहीत. हे काम ती दुसऱ्या कुणाला देत नाही. सुट्टीच्या सकाळी चर्चआधी ती सात नंबरमध्ये शिरते आणि ओळीओळीनं चालत बाराही जणींची नावं मोठ्यानं घेते, प्रार्थनेत संतांची घेतात तशी. प्रत्येक नावानंतर थांबते. निदियाच्या नावानंतर जरा जास्तच. निदिया घरी झोपलेली असते, हे तिला माहीत असतं. तरी कुणी 'ओ' देत नाहीये ना, याची खात्री होईपर्यंत ती टोकाचं बटण दाबत नाही.