मामा रागावत का नसत

आमच्या मामांना रागावताच येत नसे, आणि भिलाईच्या रिसालीतल्या त्यांच्या घरी आम्ही भाचरांनी याचा पुरेपूर गैरफायदा घेतला. मी त्यांची नवी स्कूटर भिंतीवर घातली आणि रडत सांगायला गेले, तर म्हणाले, "सांगितलं ना तू? मंग झालं. चाल, कुठं लागलं ते पाहू." मामी कपाळावर हात मारायची. "असे लाड केल्यावर पोट्टे डोक्यावर नाही बसणार तं काय?"

मामा वैमानिक घडवणाऱ्या एका संस्थेत विमानांचे पाय, म्हणजे चाकांचे दांडे, तपासायचे. निवृत्त होऊन भिलाईला परतले. विमान धावपट्टीवर जोरात आदळलं की पाय वरून धडधाकट दिसतो, चीर आत असते, असं ते सांगत. म्हणून चालवणाऱ्यानं उतरल्याबरोबर सांगायचं आणि यांनी विमान जॅकवर उचलून पाय तपासायचा.

शिकणाऱ्यांत आपल्या भिलाईचाच एक मराठी मुलगा होता, हे मात्र त्यांनी फार उशिरा सांगितलं. तो यांना काका म्हणायचा. एकदा उतरल्यावर म्हणाला, "काका, जोरात बसलं जी." मामा दिवसभर खपले. काही निघालं नाही. तेव्हा त्यांनी सगळ्यांदेखत त्याची अशी खरडपट्टी काढली, की पुढच्या वेळी विमान आदळलं तरी पोरगा बोललाच नाही. त्यानंतरच्या उड्डाणात विमानाचा पाय मोडला, ते घसरलं, त्याचा गुडघा कायमचा गेला. चौकशीत ठरलं, आदळल्याचं त्या पोरानंच लपवलं. मामा तिथंच बसले होते आणि गप्प राहिले.

"मले कोणी विचारलं नाही," ते मान खाली घालून म्हणाले, "पण सांगाले पाहिजे होतं."

तो आता नेहरू नगरात गणिताच्या शिकवण्या घेतो हे कळल्यावर मामा कितीदा तरी फाटकापासून परत आले. शेवटी मीच त्यांना घेऊन गेले, घंटाही मीच वाजवली. तो लंगडत दाराशी आला. मामांनी उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं.

"माझं जाऊ द्या काका," तो म्हणाला. "पण बाबा मागच्या वर्षी गेले. जाईपर्यंत मले खोटारडाच समजत होते."

मामांनी चपला काढल्या, आत भिंतीवरच्या फोटोसमोर जाऊन हात जोडले आणि पहिल्यापासून पुन्हा सांगायला लागले. "भाऊ, तुमचा पोरगा खोटा नव्हता जी. तो सांगत होता. मीच रागावलो होतो त्याले."