मावशीचं पक्कं लायसन

अख्ख्या मीरा-भाईंदरमध्ये वाहतुकीचे सगळे नियम पाळणारं एकच माणूस आहे, आणि ते म्हणजे माझी मावशी. गेल्या वर्षी पूनम सागरच्या आसपास जितक्या वेळा वाहतूक तुंबली, त्यातली निदान निम्मी तरी याच कारणाने तुंबली असेल. वयाच्या एकसष्टाव्या वर्षी ती मोटारसायकल शिकली. स्कूटर नव्हे, चांगली गिअरची, उभी केली की एका बाजूला झुकणारी, जड मोटारसायकल.

ती गाडी काकांची, म्हणजे मावशीच्या यजमानांची. काका वरसाव्याजवळच्या एका कारखान्यात फिटर होते आणि कितीतरी वर्षं याच गाडीवरून घोडबंदर रोडने कामावर जात. मग काचबिंदूने त्यांच्या नजरेच्या कडा खायला सुरुवात केली. समोरचं नळीतून पाहिल्यासारखं दिसे, बाजूचं काहीच नाही. एक दिवस त्यांनी आपणहून किल्ली खिळ्याला अडकवली. तेव्हापासून गाडी खाली कव्हरखाली उभी होती. काका रोज सकाळी जाऊन ती पुसत आणि वर येऊन चहा पीत. मग सोसायटीने नोटीस लावली, की पार्किंगची जागा फक्त चालू वाहनांसाठी आहे. मी जवळच राहतो, काकांनी मला बोलावून हळूच सांगितलं, "गिऱ्हाईक बघ रे एखादं. भंगारवाला नको, चालवणारा बघ." मावशीने ते स्वयंपाकघरातून ऐकलं आणि हात पुसत बाहेर आली. "चालू वाहन हवंय ना त्यांना?" ती म्हणाली. "मग मी चालू करते."

मावशीने उभी हयात शाळेत मराठी शिकवण्यात घालवली. जगातली प्रत्येक गोष्ट नियम आणि अपवाद यांत बसते, आणि अपवाद हे बहुतेक आळशी लोकांनी केलेले असतात, असं तिचं मत आहे. तिने लायसनची पुस्तिका आणली, समासात टिपा काढल्या आणि आठवडाभर पाठ केली. शिकाऊ लायसनच्या परीक्षेत तिला पैकीच्या पैकी मिळाले. तरी ती उठेना. समोरच्या साहेबांना म्हणाली, "सातव्या प्रश्नात कर्ता अनेकवचनी आहे आणि क्रियापद एकवचनी. एवढं सुधारून घ्या." साहेबांनी मान डोलावली आणि पुढचा नंबर पुकारला. ते नक्की सुधारणार, अशी मावशीची अजूनही खात्री आहे.

सोसायटीत बातमी पसरायला वेळ लागला नाही. काकांचे डोळे गेले तेव्हा ज्यांना चौकशी करायला सवड नव्हती, त्या सगळ्यांना आता मावशीच्या हाडांची काळजी वाटू लागली. सेक्रेटरी लिफ्टमध्ये म्हणाले, "मासी, रिक्षा है ना. इस उमर में काय को रिस्क लेने का?" मावशी म्हणाली, "नोटिशीत वय लिहिलं नव्हतं."

शिकणाऱ्याच्या मागे लायसनवाला बसला पाहिजे, हा नियम. काकांच्या लायसनची मुदत संपलेली, म्हणून मागे मी. दर रविवारी सकाळी मैदानामागच्या रिकाम्या रस्त्यावर आमची शिकवणी चाले. कडेला घडीच्या खुर्चीवर काका बसत. नजर आणखी मंदावली होती, त्यांना आम्ही दिसत नसू, पण गाडी ऐकू येई, आणि तेवढं त्यांना पुरत असे. "क्लच लवकर सोडलास," ते लांबून सांगत. "आता तिसऱ्यात आहेस, दुसऱ्यात ये. गिअरला हुकूम सोडू नकोस, विनंती कर." मावशीच्या अंगावर काकांची जुनी पँट असे, कमरेला ओढणीने आवळलेली. गाडीला पुढे-मागे शिकाऊपणाचा लाल ‘एल’ होताच. शिवाय एक तिने हेल्मेटवर चिकटवला होता. ट्रकवाले वरून बघतात, त्यांनाही कळायला हवं, हे तिचं कारण.

मुख्य रस्त्यावर आलो तेव्हा खरा तमाशा झाला. मावशीने पुस्तिकेप्रमाणे उजवा हात आडवा, सरळ बाहेर काढला. आपल्या गावात हात बाहेर काढणारा माणूस एकच गोष्ट मागत असतो. तीन रिक्षा करकचून थांबल्या. पहिल्याने विचारलं, "किधर जाना है आंटी?" मावशी तर रस्ता मोकळा होईपर्यंत वळणार नव्हती, आणि रिक्षावाले भाडं ठरेपर्यंत हलणार नव्हते. मागे बसचा हॉर्न सुरू झाला. मी हेल्मेटची काच खाली ओढून घेतली.

पुढच्याच रविवारी ती पडली. भाजीची गाडी अचानक आडवी आली, मावशीने दोन्ही ब्रेक एकदम दाबले आणि आम्ही दोघं मेथीच्या जुड्यांवर आडवे झालो. मला काही झालं नाही. तिचं कोपर चांगलंच सोललं, गुडघा सुजला. घरी काकांनी तिच्या हाताला मलम लावलं. जखम नीट दिसत नव्हती, म्हणून बोटाने चाचपत लावत होते, आणि ती ओठ घट्ट मिटून बसली होती. "राहू दे आता," काका म्हणाले. "माझ्या गाडीपायी हाडं मोडून घेऊ नकोस. मला नाही त्या गाडीचं काही."

"तुमच्यासाठी कोण करतंय?" मावशी म्हणाली. "मी फॉर्म भरलाय."

पण पुढचे दोन रविवार तिने मला बोलावलं नाही. गुडघा दुखतोय म्हणाली. तिसऱ्या रविवारी मी आपणहून गेलो, तर ती खाली गाडीजवळ उभी होती. "भीती वाटतेय रे," ती म्हणाली. तिच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकत होतो. मी मागच्या सीटवर जाऊन बसलो. बऱ्याच वेळाने तिने किक मारली.

परीक्षेला गाडीवरून आठचा आकडा काढायचा असतो. मावशीने इन्स्पेक्टरांना विचारलं, "मराठी आठ की इंग्रजी?" ते म्हणाले, "बाई, मराठी काढलात तर गेटबाहेर जाल." इंग्रजी आठ अर्धा झाला असताना एक कुत्रं निवांत आडवं चालत आलं. मावशीने गाडी थांबवली, पाय टेकवला, त्याला जाऊ दिलं. पाय टेकला म्हणून नापास. ती इन्स्पेक्टरांना म्हणाली, "बरोबर केलंत. नियम म्हणजे नियम." आणि आपल्याला किती रीतसर नापास केलं, हे तिने सोसायटीभर अभिमानाने सांगितलं. दुसऱ्या खेपेला कुत्रं आलं नाही.

पक्कं लायसन आल्यावर काकांना मागे बसवून ती पहिल्यांदा लांब गेली ती उत्तनच्या पुढे, समुद्राकाठच्या पालीला. मी माझ्या स्कूटरवर मागून. गल्ली अरुंद, दोन्ही बाजूंना घरं. मावशी प्रत्येक वळणावर हॉर्न वाजवत, माणसांच्या चालीने निघालेली. दारात बोंबील निवडणारी एक बाई आमच्याकडे बघत म्हणाली, "म्होरं बाई, मागं बाबा. बरं हाय." काका हसले.

किनाऱ्याशी मावशीने गाडी डबल स्टँडवर लावली. काका उतरले, पण गाडीपासून लांब गेले नाहीत. टाकीवर हात ठेवून उभे राहिले. मावशीने थोडा वेळ बघितलं आणि म्हणाली, "बसा ना पुढे." ते चाचपत पुढच्या सीटवर बसले. तिने किल्ली फिरवली, त्यांनी किक मारली. पहिल्याच किकेत गाडी सुरू झाली. गिअर न टाकता काका नुसता हलकेच ॲक्सिलरेटर पिळत राहिले, मान जराशी कलती करून. मावशी मागे चढून बसली आणि तिने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. मी सुके बोंबील बघायला जरा लांब गेलो.

परत आलो तेव्हाही ते तसेच बसलेले होते. काकांनी मग बोटांनी किल्ली शोधली, गाडी बंद केली आणि किल्ली मागे तिच्या हातात दिली.

"घे," ते म्हणाले. "आता तू ने."